उंदरांनी नेलेलं अक्षर

थान कुळाच्या गावात शान्मेईइतकी संशयी बाई दुसरी नव्हती, आणि हे तिला स्वतःलाही मान्य होतं. वाटेत कोणी "जेवलात का?" म्हणून विचारलं, तर उत्तर द्यायच्या आधी ती त्याच्या टोपलीत डोकावून घ्यायची. सुनेने चहा जरा लवकर आणला, की आज हिला माहेरी जायचंय हे ती ताडायची, आणि दहात नऊ वेळा ते खरंही निघायचं. एकसष्ट वर्षांची ही विधवा गेली तीस वर्षं एक गोष्ट उराशी दाबून बसली होती. ज्याच्याकडे झाकायला काही असतं, तो दर चार पावलांनी मागे वळून बघणारच.

गोष्ट तिच्या मुलाची होती. यूथांग तिच्या पोटचा नव्हता.

थान कुळाची वंशावळ दर तीस वर्षांनी नव्याने छापतात. डोंगरापलीकडून छपाईवाले येतात, त्यांच्या कावडीत लाकडी खिळ्यांच्या, म्हणजे छापायच्या सुट्या कोरीव अक्षरांच्या, पेट्या असतात, आणि कुळाच्या देवळातल्या बाजूच्या खोलीत ते दोन-तीन महिने मुक्काम ठोकतात. पोथीत प्रत्येक पुरुषाच्या नावाखालून एक लाल रेघ निघते आणि त्याच्या मुलाच्या नावावर जाऊन टेकते. रेघ असली तर देवळात पाय ठेवायचा हक्क, मेल्यावर नावाची पाटी, पाटीपुढे दरवर्षी दारूचा एक पेला. रेघ नसली तर यातलं काहीच नाही. भावाचा मुलगा दत्तक घेता येतो, कारण रक्त कुळातलंच. परक्याचं पोर मात्र चालत नाही. आणल्याचं कळलं तर त्याचं नाव खोडतात, आणि त्याच्या मुलांची नावंही त्याबरोबर जातात. हा नियम कधीतरी एका मेलेल्या माणसाने केला होता, आणि मेलेल्यांशी वाद कोण घालणार?

मागची पोथी छापली तेव्हा शान्मेईचा नवरा, गावचे पाइलिन गुरुजी, पस्तिशीला आले होते. त्यांच्या नावाखाली कोरा कागद होता. देवळातून आल्यावर ते त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवत बसले, आणि त्या दिवसापासून त्यांची जेवणावरची वासनाच उडाली. शान्मेईने महिनाभर हे पाहिलं. मग तिने पोटाला कापसाचं गाठोडं बांधलं, दर महिन्याला ते थोडं थोडं वाढवलं, बाळंतपणाला म्हणून माहेरी गेली, आणि नदीवरच्या होडीवाल्यांचं सातवं पोर, बारा दिवसांचं, कुशीत घेऊन परत आली. होडी खाली समुद्राकडे गेली ती गेलीच. शान्मेईची आई वारली, सुईण वारली, सात वर्षांपूर्वी गुरुजीही गेले. आता हे फक्त शान्मेईला ठाऊक होतं.

पोर घरी आणलं त्या दिवशीची एक आठवण मात्र तिच्या मनातून गेली नव्हती. ती रडत रडत म्हणाली होती, "याला मी पोटच्यासारखा वाढवीन बघा."

गुरुजींनी कपाळाला आठी घातली. चहात बोट बुडवून त्यांनी टेबलावर एक अक्षर काढलं. डावीकडे बाई, उजवीकडे तोंड.

"हे नीट बघून ठेव. 'सारखा' म्हण, 'जणू' म्हण, 'प्रमाणे' म्हण, पुस्तकी भाषेत त्या सगळ्याला हे एकच अक्षर."

"बाईशेजारी तोंड!" शान्मेई नाक पुसत म्हणाली. "पुरुषांना दुसरं सुचणार तरी काय?"

"हसू नकोस. हे अक्षर कुठे बसतं ठाऊक आहे? जिथे ती वस्तू नसते तिथे. चंद्र आरशासारखा म्हटलं, की तो आरसा नाही हे आधीच कबूल केलं. म्हशीला कोणी म्हशीसारखी म्हणतं का? तू 'पोटच्यासारखा' म्हणालीस, की तो पोटचा नाही हे तूच गावाला सांगितलंस. या पोरावर हे अक्षर कधी येऊ द्यायचं नाही. लिहिण्यात नाही, बोलण्यातही नाही."

शान्मेईला आयुष्यात मोजून दहा-अकरा अक्षरं ओळखता आली. त्यातलं हे तिला सगळ्यात पक्कं पाठ होतं. तीस वर्षांत तिने यूथांगबद्दल 'सारखा' हा शब्द एकदाही तोंडातून काढला नाही. "बापासारखा दिसतो हो," असं कोणी कौतुकाने म्हणालं, तरी ती त्या बाईकडे डोळे बारीक करून बघायची.

आणि आता पुन्हा पोथीचं वर्ष आलं होतं. यूथांगचं नाव पहिल्यांदाच छापलं जाणार होतं, आणि त्याच्या दोन मुलांचंही.

पोथीचा प्रमुख होता तिचा दीर पाइशोउ. हेच तर तिला खटकत होतं. पाइशोउला चार मुलगे. यूथांग आला नसता, तर त्यातला थोरला शान्मेईच्या मांडीवर बसला असता, आणि गुरुजींचं घर, चहाच्या मळ्याचा उतार, सगळं तिकडेच गेलं असतं. खरं तर पाइशोउला तिनेच वाढवलं होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा तो चार वर्षांचा, आई नसलेला, नाक गळणारा. पण ज्यांची नाकं पुसली तेच मोठेपणी आपल्यापुढे नाक वर करतात, असं शान्मेईचं मत होतं. शिवाय काम सुरू व्हायच्या दिवशी पाइशोउने पितरांपुढे कोंबड्याचं रक्त घातलेली दारू पिऊन शपथ घेतली होती. पोथीत एकही खोटं नाव जाऊ देईन तर माझा वंश तुटो. एवढ्या मोठ्याने शपथ घ्यायचं कारण काय? इतरांनी तर पुटपुटून घेतली असती!

मग तो तिच्या घरी फेऱ्या मारू लागला.

"वहिनी, तू आपल्या घरी आलीस ते साल कोणतं गं?"

"तुला कशाला हवं?"

"असंच. आणि मला पाठीला बांधून तू शेतावर जायचीस ते किती दिवस?"

"तुझी पाठ दुखेपर्यंत नाही, माझी दुखेपर्यंत. का विचारतोस?"

"अगं, असंच म्हटलं ना."

असंच म्हणणारा माणूस वही काढून लिहीत नाही. पाइशोउ लिहीत होता, आणि ती चहा घेऊन जवळ आली की वहीवर हात ठेवत होता. पुढच्या आठवड्यात शान्मेईला कळलं की तो तिच्या माहेरच्या गावी जाऊन आला. तिथे तिच्या वडिलांचं नाव विचारलं, थडगं बघितलं, म्हाताऱ्यांशी गप्पा मारल्या. सांगितलं कोणी, तर मीठ विकणाऱ्याने. ते ऐकून शान्मेईच्या हातातलं तांदूळ पाखडायचं सूप खाली पडलं. तिच्या माहेरी थडगं बघायला कोण जातं? त्याच गावात सुईण राहायची. सुईण मेली, पण सुईणीला मुलगी होती, आणि मुलींना आया मरताना काय काय सांगून जातात हे शान्मेईला चांगलं ठाऊक होतं.

छपाईवाल्यांना जेवण द्यायची पाळी घरोघर फिरते. शान्मेईची पाळी आली तेव्हा तिने सुनेला बाजूला सारलं.

"आई, मी नेते ना डबा. तुमचे गुडघे..."

"माझे गुडघे माझ्याजवळ राहू देत."

भात, बांबूचे कोंब घातलेलं डुकराचं मांस आणि खारवलेली मोहरीची पानं घेऊन ती देवळाच्या बाजूच्या खोलीत गेली. बायकांना त्या खोलीपर्यंतच मुभा होती. येन मिस्त्री, साठीचा बारीक माणूस, नाकावर चष्मा आणि बोटांना शाई, चिमट्याने खिळे उचलून चौकटीत बसवत होता. शान्मेईने डबा ठेवायचं निमित्त करून टेबलावरून नजर फिरवली. एका चौकटीवर ती थबकली. दोन झाडं शेजारी शेजारी. ते 'लिन', तिच्या नवऱ्याच्या नावातलं. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, पण दोन झाडं उलटी केली तरी दोन झाडंच राहतात.

त्याच्याखाली चार ओळी होत्या. आणि शेवटच्या ओळीत, तोंड डावीकडे, बाई उजवीकडे.

उलटं असलं तरी तेच, 'सारखा'चं अक्षर. शान्मेईने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मिस्त्री, इथे काय लिहिलंय हो?"

"बाई, ते वाचनाच्या दिवशी. त्याआधी सांगायचं नाही अशी आमचीही शपथ असते."

"मी त्यांची बायको आहे."

"म्हणून तर मुळीच नाही," मिस्त्री म्हणाला आणि हसला. ते हसणं शान्मेईला जराही आवडलं नाही. मिस्त्री हात धुवायला विहिरीवर गेला. बांगडीत अडकलेला धागा सोडवायला लागतो तेवढाच वेळ तिला लागला. खिळा बाहीत गेला, डबा तिथेच राहिला, आणि शान्मेई घरी आली ती धापा टाकतच.

तिच्या जेवणाची पाळी तीन दिवसांची होती. दुसऱ्या दिवशी ती गेली, तर चौकटीत तेच अक्षर पुन्हा हजर. लाकूड नवं, पिवळं, कोरलेल्या कडा अजून धारदार. तिने तोही उचलला. तिसऱ्या दिवशी तिसरा. मिस्त्री कोरतोय आणि ही चोरतेय असा प्रकार चालला. तिन्ही खिळे तिने तांदळाच्या मडक्यात खुपसले आणि सुनेला बजावलं, "चार दिवस तांदूळ मी काढणार."

"का हो आई?"

"तू मुठी मोठ्या भरतेस."

सून बिचारी आपल्या मुठीकडे बघत चुलीकडे गेली. पण यूथांग जेवताना आईच्या तोंडाकडे बघत राहिला. "आई, तुला बरं नाही का?" त्याने विचारलं. तिने त्याच्या वाडग्यात आणखी एक कोंब टाकला. हा मुलगा वर्षाच्या शेवटी देवळात जाऊन बापाच्या पाटीपुढे गुडघे टेकायला इतका आतुर होता, की त्याने नवा अंगरखा शिवायला टाकला होता. त्याच्याशी नजर मिळवणं तिला जमेना.

चौथ्या दिवशी सकाळी पाइशोउ आला. बसला. चहा घेतला. मग हात पुढे केला.

"वहिनी, ते तीन खिळे दे."

"कसले खिळे?"

"येन मिस्त्री म्हणतोय, या गावचे उंदीर शिकलेले दिसतात. हजारो खिळे सोडून एकच अक्षर नेतात."

"मग उंदरांना विचार."

"विचारतोच आहे."

शान्मेईने त्याच्याकडे पाहिलं. तो गालात हसत होता. झालं. तीन महिने आवळून धरलेलं सगळं तिथेच सुटलं. ती उठली, मडक्यात कोपरापर्यंत हात घातला, आणि तिन्ही खिळे टेबलावर आपटले.

"घे! चौथाही कोर, पाचवाही कोर! कोणी सांगितलं तुला? सुईणीच्या मुलीने ना?"

"काय सांगितलं?"

"आता साळसूद बनू नकोस! माझ्या माहेरी थडगी बघायला गेला होतास काय? यूथांगला 'मुलासारखा' लिहितोस? बारा दिवसांचा होता रे तो. माझ्या अंगाला दूध नव्हतं, तर तांदळाची पेज बोटावर घेऊन पाजलीय मी त्याला. असेल होडीवाल्यांचा! पण तीस वर्षांत मी एकदाही 'सारखा' म्हटलं नाही, आणि तू ते छापतोस? पितरांपुढे? तुझ्या दादाच्या नावाखाली?"

ती बोलायची थांबली तेव्हा पाइशोउच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्याने वाडगा खाली ठेवला. खिशातून वही काढली, पान उलटलं, आणि खालच्या आवाजात वाचलं.

"'पत्नी, हू घराण्यातली. सतराव्या वर्षी या घरी आली. चार वर्षांच्या दिराला पाठीवर बांधून तिने भात लावला. थोरली वहिनी आईसारखी.'"

शान्मेईने वहीकडे पाहिलं, मग टेबलावरच्या खिळ्यांकडे.

"माझ्याबद्दल लिहिलंय ते," पाइशोउ म्हणाला. "तुझ्या-माझ्याबद्दल. पोथीत बायकांना नुसतं आडनाव असतं, ओळ कोणी देत नाही. तुझ्यासाठी चार ओळी मिळाव्या म्हणून म्हाताऱ्यांशी महिनाभर भांडलो. तुझ्या वडिलांचं नाव नीट लिहावं म्हणून तिकडे गेलो. वाचनाच्या दिवशी तुला एकदम ऐकू यावं, म्हणून सांगितलं नाही."

बाहेर कोंबड्या कलकलत होत्या. सून परसात काहीतरी धूत होती. शान्मेईला वाटलं, आत्ता, या क्षणी, जमीन दुभंगली तर बरं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तिने तर स्वतःच कंदील पेटवून चोर दाखवला होता.

"वहिनी," पाइशोउ वही मिटत म्हणाला, "हे तू मला का सांगितलंस? मला ठाऊक नव्हतं गं. इतक्या वर्षांत मनातसुद्धा आलं नव्हतं."

तो उठला आणि गेला. चहा अर्धा राहिला. खिळेही तिथेच राहिले.

त्यानंतरचे सहा दिवस शान्मेईने कोणावरही संशय घेतला नाही. घ्यायला आता उरलं होतं कोण? स्वतःच्या जिभेवर तीस वर्षं पहारा ठेवला, आणि पहारेकऱ्यानेच दार उघडलं. पाइशोउकडे जाऊन पाय धरावेत असं दहादा मनात आलं. पण धरून म्हणणार काय? शपथ मोड? चार मुलगे आहेत त्याला, सहा नातवंडं. माझा वंश तुटो असं पितरांपुढे म्हणून बसलेल्या माणसाला हे मागायचं कोणत्या तोंडाने? मग ती मागे फिरायची आणि यूथांगच्या नव्या अंगरख्याच्या गुंड्या उगाच पुन्हा शिवायची.

वाचनाच्या दिवशी सगळं गाव देवळापाशी जमलं. पुरुष आत, बायका बाहेरच्या अंगणात बाकांवर. मोठमोठ्या कढया चुलीवर होत्या. अंगणात येन मिस्त्री पेट्या बांधत बसला होता. शान्मेईला पाहून त्याने चष्मा वर केला.

"बाई, तुमच्या गावचे उंदीर जिंकले हं. प्रमुख म्हणाले, चौथा कोरू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही कोरला."

ओळच काढली की काय? ओळ काढली म्हणजे घर काढलं. शान्मेईने बाहीतले तीन खिळे मुठीत घट्ट धरले. ते परत द्यायला म्हणून तिने आणले होते.

आत वाचन सुरू झालं. थान कुळाचा एक म्हातारा, सगळे त्याला तात्या म्हणत, खणखणीत आवाजात वाचत होता, आणि प्रत्येक नावाला आत कोणीतरी "आहे" म्हणत होतं. सकाळ सरत आली. मग शान्मेईने ऐकलं, "पाइलिन." "पुत्र एक, यूथांग."

"आहे!" यूथांगचा आवाज आतून आला, जरा जास्तच मोठ्याने, आणि पुरुष हसले.

"त्याचे पुत्र दोन..." दोन्ही नावं झाली. लाल रेघ होती. शान्मेईच्या डोळ्यांपुढे अंगण पुसट झालं, म्हणून ती बाकाची कड धरून बसली. म्हातारा पुढे वाचत होता. "पत्नी, हू घराण्यातली. सतराव्या वर्षी या घरी आली. चार वर्षांच्या दिराला पाठीवर बांधून तिने भात लावला. थोरली वहिनी आई."

वाचणारा थांबला. "इथे एक अक्षर गळलंय. 'आईसारखी' पाहिजे ना? छपाईची चूक."

"चूक नाही," पाइशोउचा आवाज आला. "आहे ते बरोबर आहे. पुढे वाचा."

शेवटचं नाव झालं. आता प्रमुखाने पेला उचलायचा, गुडघे टेकायचे, आणि यातलं एकूण एक नाव खरं आहे असं पितरांना सांगून तो रिकामा करायचा. मग पहिल्या पानावर प्रमुख म्हणून त्याचं नाव लागतं, आणि मरेपर्यंत देवळातली पहिली खुर्ची त्याची. पाइशोउ या खुर्चीची किती वाट बघत होता हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

"गुडघा धरलाय माझा," तो म्हणाला. "टेकवत नाही. तात्या, तुम्ही घ्या पेला."

आत कुजबूज झाली. "अरे, धरू आम्ही तुला!" "असं कसं? पेला न घेणाऱ्याचं नाव लागत नाही!" कोणीतरी चिडून म्हणालं, "तीन महिने राबलास आणि आता गुडघा?"

"तात्यांचं लावा," पाइशोउ म्हणाला.

मग तो उंबरा ओलांडून बाहेर आला. गुडघ्याएवढा उंच उंबरा त्याने एका पावलात ओलांडला, आणि सरळ चालत बायकांच्या अंगणात येऊन शान्मेईच्या बाकावर बसला. शान्मेईने ती चाल पाहिली. तिच्यापासून काही लपत नसे. खोटं नाव त्याने जाऊ दिलं होतं. पण ते खरं आहे असं मेलेल्यांच्या तोंडावर सांगणं त्याच्याने झालं नाही, म्हणून तो खुर्ची सोडून आला होता. पहिली शपथ मात्र त्याच्या डोक्यावर तशीच होती, आणि त्याच्या चार मुलांच्याही.

तिने मूठ उघडली आणि तिन्ही खिळे शेजारच्या चुलीत टाकले. मिस्त्रीने मान वळवली.

जेवणं सुरू झाली. पाइशोउची बायको वाडगे वाटत वाटत त्यांच्यापाशी आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अहो, इथे बायकांत काय करताय? आत सगळे तुमच्यासाठी थांबलेत!"

"आईपाशी बसलोय," पाइशोउ म्हणाला.

शान्मेईने त्याच्या गुडघ्याकडे बघितलं, मग त्याच्या वाडग्याकडे. आपल्या वाडग्यातला चरबीचा मोठा तुकडा उचलून तिने त्याच्या भातावर ठेवला.

"गुडघा दुखतोय म्हणे. खोटारडा."

"हो," तो म्हणाला आणि जेवू लागला.